लाल थुंकी आणि तिसरा मजला

ह्वालिएन, भर दुपार

ती. स्योकहुनताईस,

ट्रकच्या हौद्यातून धाकट्या बूनकुनचा वाकून नमस्कार (वर ताडपत्री आहे, बसतंय तेवढाच वाकलोय). तुझे गुडघे काय म्हणतात? मी मजेत. भूकंपाला दोन वर्षं होतील, पण छताखाली झोपायचं म्हटलं की अजून छाती धडधडते, म्हणून मुक्काम इथेच. दुपारी समुद्राचा वारा सुटला की ताडपत्री फुगते, माझा डोळा लागतो, ट्रक हळूच पाण्यात उतरतो आणि आई किनाऱ्यावरून जेवायला हाका मारते. मग उठावंसंच वाटत नाही गं.

परवा इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई आल्या. भूकंपात सापडलेल्या भावंडांची लाळ तपासतायत म्हणे. आपण दोघं एकाच तुळईखाली सहा तास होतो. तू बाहेर येऊन शेवया मागितल्यास आणि मी थेट ट्रकमध्ये शिरलो, असं का, ते त्यांना हवंय. (मी तरी दुसरं काय विचारतोय!) बाई म्हणाल्या, थोडं रक्तातून येतं, थोडं सोसलेल्यातून, दोन्ही भेटले की भीती मुक्कामाला राहू शकते. मी जन्मभर वाफेचे पाव केलेला माणूस. म्हटलं, कळलं! नुसत्या खमिराने पीठ फुगत नाही, नुसत्या उबेनेही नाही. ऊब दोघांना सारखीच लागली, ताईमध्ये खमीरच कमी!

अर्धा तास काही खाऊ नका, असं बजावून त्यांनी थुंकायला नळी दिली. मी कशालाही शिवलो नाही, नुसती पान-चुन्यातली सुपारी चघळत बसलो (सुपारी खाण्यात कधीपासून धरायला लागले?). थुंकलो तर नळी लालभडक! बाई किंचाळल्या, "अगं बाई, रक्त!" त्यांच्याबरोबरच्या दोघांनी मला उचलून इस्पितळात नेलं, म्हणजे छताखालीच की. तिथून मी अनवाणी पळालो ते ट्रक गाठूनच थांबलो.

हसू नकोस. रविवारी माझ्या पेइरोंगच्या लेकाला महिना भरतोय. लाल अंडी, चिकट भात, सगळा सोहळा घरीच, तिसऱ्या मजल्यावर. मला नातवाला मांडीवर घ्यायचंय गं. माझं खमीर त्याच्यातही उतरलं असेल का, म्हणून बाईंना विचारलं. म्हणाल्या, "असेलही काका. पण नुसत्या खमिराने काय होतं, ते तुम्हीच सांगितलंत ना?" तेव्हापासून जरा बरं वाटतंय.

तुझा भाऊ,
बूनकुन

ता. क. रविवारी जिन्यापाशी थांब आणि माझा हात धर. माझ्याने एकट्याने जिना चढवणार नाही.

आणखी एक. तुझी सून सांगत होती, भूकंपापासून तू न्हाणीघरात झोपतेस, तीही पायात बूट घालून! लबाड कुठली. ये तशीच बूट घालून. कुणी कुणाचा हात धरलाय, ते वर कुणाला सांगायचं नाही.