खिळ्यावरची वरची चिठ्ठी

अण्णा, हे लिहायचं मी बारा वर्षं पुढं ढकलत आलोय. कधी पेन नव्हतं, कधी बसायला जागा नव्हती, आणि बऱ्याचदा मनच नव्हतं. गोव्याला हॉटेलात कामाला होतो तेव्हा एकदा सुरुवात केली होती. तेवढ्यात मॅनेजरनं हाक मारली, आणि येऊन बघतो तर कागद भिजलेला. मग राहिलंच. आता कळंबला हायवेच्या कडेला एका गॅरेजवर आहे. पंक्चर काढतो, वरच्या खोलीत झोपतो. आज दुपारपासून गिऱ्हाईक नाही आणि उद्या सकाळी मला शाळेत बोलायचं आहे, म्हणून बसलोय.

शाळा आपलीच, जिथं माझं दहावीचं गणित राहिलं. तिथं तात्यांच्या पोराचा सत्कार आहे. लेण्याद्रीच्या पायथ्याला तुमच्या डोलीच्या शेजारी ज्यांची डोली टेकलेली असायची, ते तात्या. त्यांच्या पोराचं चाकणला स्वतःचं वर्कशॉप झालंय, हाताखाली बारा माणसं आहेत. हेडमास्तरांचा फोन आला. म्हणाले, "तू त्याचा लहानपणचा दोस्त. पाच मिनिटं बोल. विषय सोपाय, कष्टाला पर्याय नाही." मी हो म्हणालो. भिडस्तपणा, दुसरं काय. पण त्या दिवसापासून झोप नीट नाही, कारण त्या वर्कशॉपची सुरुवात कुठून झाली ते मला माहीत आहे, आणि तुम्हाला नव्हतं.

गणित राहिल्यावर तुम्ही मला डोलीच्या नंबरावर बसवलं होतं. रोज सकाळी प्रत्येक डोलीच्या नावाची चिठ्ठी लिहायची, डब्यात हलवायची, न बघता काढून एकीखाली एक खिळ्याला टोचायची. वरची चिठ्ठी ज्याची, पुढचं गिऱ्हाईक त्याचं. मग ते काटकुळं असो की अडीच माणसांएवढं. ते माझ्या हातात दिलं कारण मी कुणाच्याच डोलीला खांदा देत नव्हतो. एकदा एक डोलीवाला जाड गिऱ्हाईक बघून लघवीला निघून गेला, तेव्हा तुम्ही चौघांत त्याला म्हणाला होता, "वझं बघून खांदा द्यायचा आसंल तर घरी बस. नंबर देवाचा, चढणं आपलं." मला ते वाक्य तेव्हा लई भारी वाटलं होतं. अजून वाटतं, पण मी ते मोडलंय.

तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. रविवार आहे. पायथ्याला गाड्यांची दाटी, माकडं एका बाईची पर्स घेऊन झाडावर बसलीत आणि सगळे तिकडं बघतायत. तुम्ही टपरीवर चहा घेताय, उजव्या हातानं, कारण डावा खांदा चार दिवस सुजलाय. आई मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची तेव्हा तुम्ही दात आवळून धरायचा, ते मी अंथरुणातून बघायचो. खिळ्यावर वरची चिठ्ठी तुमची आहे. आणि एका पांढऱ्या गाडीतून एक शेठ उतरतात. आधी एक पाय, मग बराच वेळ काही नाही, मग बाकीचे शेठ. ड्रायव्हर विचारतो, "डोली मिळंल का?"

मी तुमची चिठ्ठी काढली आणि तात्यांच्या खाली टोचली. कुणी बघितलं नाही, सगळ्यांचं लक्ष माकडांकडं. हाक मारली, "तात्या, तुमचा नंबर." तात्यांनी शेठकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मुंडासं घट्ट केलं आणि जोडीदारांना म्हणाले, "चला, गणपती वर न्यायचाय. उंदीर आपणच." शेठसुद्धा हसले.

तुमच्या वाट्याला पाठोपाठ मंचरची एक म्हातारी आली, वाळल्या पानासारखी. तुम्ही तीनशेच्या आसपास पायऱ्या एका दमात चढलात. तिनं दिलेली चिक्की खाली येऊन माझ्या हातात ठेवली आणि म्हणालात, "आज नशीब हलकं व्हतं पोरा." मी चिक्की खाल्ली. दाताला चिकटली होती एवढं आठवतं.

तात्यांनी शेठना मधे एकदाच टेकवलं. शेठना उंचीची भीती, ते डोळे मिटून बसलेले. तात्या वरपर्यंत त्यांच्याशी बोलत राहिले, कांद्याचं, बिबट्याचं, पोराचं. वर पोचल्यावर शेठ म्हणाले, पोराला पाठवा माझ्या वर्कशॉपवर. पोरगा गेला. पहिले सहा महिने त्यानं लोखंडाचा कीस झाडला, मग लेथ मशीनवर उभा राहिला. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, काविळीनं, आठ दिवसांत. आणि मी मनात हिशेब मांडून बसलो की ती चिठ्ठी जागेवर असती तर लेथवर मी असतो.

हा हिशेब मला लई उपयोगी पडला. टेम्पो सोडला, हिशेब काढला. पेठजवळच्या ढाब्यावर मालकाशी भांडलो, तेव्हाही काढला. माझं नशीब मीच दुसऱ्याला दिलं म्हटलं की माणसाला पुढं काही करावं लागत नाही.

पण अण्णा, त्यात एक गोष्ट मी घेत नव्हतो. तुम्ही गेल्यावर तात्यांच्या पोरानं मलाही बोलावलं होतं. तेच वर्कशॉप, तेच शेठ, तोच झाडू. मी एकोणीस दिवस राहिलो. विसाव्या दिवशी एक ट्रकवाला गोव्याला निघाला होता, त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तात्यांचा पोरगा फाटकापर्यंत आला होता. म्हणाला, "आरं, महिना तर भरू दे." मी हात केला.

आणि तुमचा सुजलेला खांदा शेठना वर घेऊन गेला असता का, टेकवत टेकवत नेताना ते तुमच्याशी बोलले असते का, की चिडून अर्ध्यातून उतरले असते, हे मला माहीत नाही. तुम्ही मुळात गिऱ्हाइकाशी बोलायचाच नाही. मग नशीब किती आणि कष्ट किती, मला वजन करता येत नाही. गणित तसंही राहिलेलंच आहे. एवढं मात्र खरं की तात्यांनी त्यांच्या नंबराला न आलेलं वझं माझ्यामुळं उचललं आणि त्यांना ते कुणी सांगितलं नाही. उद्या पोरांसमोर कष्टावर चार बरे शब्द बोलायचे आणि चिठ्ठीचं गिळून टाकायचं, असं मी सकाळीच ठरवलंय.

खाली जीप थांबली. पंक्चर असेल म्हणून खिडकीतून बघितलं, तर तात्या आहेत. गुडघ्यांमुळं वर्षभर उंबरा ओलांडला नाही असं ऐकलं होतं, आणि एवढ्या लांब आलेत. मालकाला विचारतायत, "आमच्या अण्णाचं पोरगं वर हाय का? त्याला म्हणावं, उद्या काय बोलणार हाईस ते जरा ऐकव." तुम्हाला सांगणं सोपं होतं अण्णा, तुम्ही काही विचारणार नव्हता. तात्या जिना चढतायत.