शेठच्या ट्रेमधली अकरा नाणी

१२ जानेवारी, सोमवार

सोमनाथशेठनं ग्रुपवर माझा फोटो टाकला! दुकानात बसलेली मी, मागं दौलताबादचा किल्ला. खाली लिहिलंय — "ही बाई खोटी नाणी पाडते. हिच्यामुळं मी फसलो. सावध राहा." नाणी जमवणाऱ्यांचा ग्रुप, तीनशे माणसं. मी उत्तर लिहीपर्यंत मला काढूनही टाकलं.

पाडते ना! लपवून पाडते का? दुकानावर पाटीच आहे — 'तुघलकी टंक्याची नक्कल'. टंका म्हणजे सुलतानाच्या काळचं चांदीचं नाणं. पितळेवर चांदीचा मुलामा. आणि प्रत्येक नाण्याच्या पाठीवर मी बारीक 'न' ठोकते. न म्हणजे नक्कल.

शेठनं माझ्या फोटोखाली एका नाण्याचाही फोटो टाकलाय. त्यावर 'न' नाही. त्या जागी कानस मारलीय.

१३ जानेवारी

लिहूनच ठेवते. दिवाळीत शेठ स्वतः आला होता. औरंगपुऱ्यात तीस वर्षांचं दुकान, जुन्या नाण्यांतला मोठा माणूस, आणि माझ्या दारात उभा! "सुकेशनीताई, दोनशे नग करून द्या. फक्त तेवढा 'न' नका ठोकू."

"मग ती नक्कल नाय राहत, शेठ. फसवणूक होती."

हसला. "विचार करा." मी काही विचार केला नाही. आता कळतंय — दुसऱ्या कुणाला पाठवून माझीच नाणी नेली आणि 'न' घासून खरी म्हणून विकली. गिऱ्हाइकानं पकडल्यावर नाव माझं!

सासूबाई म्हणतात, "माय, मोठ्या मानसाच्या नादी लागू नको." नवऱ्याची, हनुमानची, जीप शहराच्या रस्त्यावर चालते, त्याला स्टँडवर लोक या फोटोबद्दल विचारतात. म्हणाला, "एकदा सॉरी लिहून टाक. मिटंल."

"कशाचं सॉरी?"

नवरा जेवला नाही. मी जेवले. एक भाकरी जास्तच!

१५ जानेवारी

दिवसभरात एकही नाणं गेलं नाही. एका गाईडनं माझ्यासमोरून गिऱ्हाईक ओढून नेलं — "इधर मत लो, डुप्लिकेट है." अरे बाबा, पाटीवर तेच तर लिहिलंय!

रविवारी शहरात नाण्यांचं प्रदर्शन आहे. जाणार.

१८ जानेवारी, रविवार

गेले! सासूबाईही आल्या. लुगडं बदलून आधीच जीपमध्ये बसलेल्या. "एकटी कामून जाती?"

दारातच अडवलं. "तुमचं टेबल नाही."

"टेबल नको. बघायला आले."

सरळ शेठच्या टेबलाशी. ट्रेमध्ये टंके मांडलेले, खरे म्हणून. उलटे करून बघत गेले. पाठीवर घासलेलं दिसलं की बाजूला. शेठ ओरडला, "ओ बाई, हात लावू नका!" मी त्याच्यापेक्षा मोठ्यानं — "माझ्या हातचं हाय हे! हे बी! हे बी!" अकरा निघाली.

गर्दी जमली. पुंजाराम सर आले. निवृत्त मास्तर, नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. ते खरं म्हणतील ते नाणं खरं, असं इथं चालतं. त्यांनी एक उचललं, कडेला कानस फिरवली. पिवळं पितळ!

शेठ म्हणाला, "मलाही कुणीतरी विकली, सर."

तर सासूबाई पुढं. "मंग माझ्या सुनंचा फोटू कामून टाकला?"

सरांनी मला विचारलं, "बाकीची दहा?"

"ती पण माझीच. लिहून देते."

लिहून दिलंही. शेठ मागून म्हणत राहिला, "सगळी नाहीत, ताई. नीट बघा." कशाला बघू? तीनशे माणसांत मला चोर ठरवताना यानं नीट बघितलं होतं का!

सरांनी अकराही माझ्या हातात दिली. "तुमची आहेत, तुम्हीच मोडा." शेठला टेबल आवरायला लावलं. मला ग्रुपवर परत घेतलं. सरांनी लिहिलं — "सुकेशनीताईंची नजर म्हणजे खात्री."

हनुमाननं आज पाच जणांना सांगितलं, ती माझी बायको. मी मोजले.

२० जानेवारी

दुपारी छिन्नी घेऊन बसले. दहा तोडली. सगळी आतून पिवळी.

अकरावं आतून पांढरं निघालं. आरपार चांदी. पाठीवर घासलेलं ते कधीकाळच्या कुण्या सराफानं, चांदी तपासायला. सातशे वर्षांचं नाणं. दोन तुकडे केले मी.

तुकडे रुमालात बांधलेत. सरांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, हे कुणाला कळायची गरज आहे का?"

हनुमान म्हणतो, चूक कबूल करायचीच तर निदान शेठ एकटा असताना जा. नाही. औरंगपुऱ्यात संध्याकाळी गर्दी असते, दुकान भरलेलं असतं. तेव्हाच जाणार.