ब्लोअरचं लाल बटण

प्रिय अक्सा,

मेसेज लिहिला की मी रागात पाठवून टाकतो. कागद निदान फाडता येतो. हा चौथा आहे, हा फाडणार नाय.

शनिवारी दोन महिन्यांनी तुझा फोन आला तेव्हा मी प्लँटवर होतो. गावाचं सांडपाणी मोठ्या टाकीत येतं, त्यातले जिवाणू ती घाण खातात, हे तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू हसली होतीस. कॉलेज सोडून किडे पाळायला गेलास म्हणालीस. पाळतोच. त्यांना सतत हवा लागते. ती देणारं यंत्र म्हणजे ब्लोअर, आणि त्याच्याजवळ स्वतःचा आवाजही ऐकू येत नाय. तू दोनदा विचारलंस, कसला आवाज हाय तो. मी लाल बटण दाबलं. सगळं गप्प झालं आणि त्या शांततेत तू सांगितलंस, मुलगा मस्कतला असतो, अब्बांनी होकार दिलाय, पुढच्या महिन्यात मंगनी. मग विचारलंस, मी काय करू? मी फोन कापला.

बाईक काढली ती थेट नागोठण्यापर्यंत. पुढे रोह्याला येऊन तुझ्या दारात काय करणार होतो, ते चहाचे दोन ग्लास संपेपर्यंत सुचलं नाय. मागे वळलो आणि कासूला मामाकडे जाऊन पडलो. प्रॅक्टिकलच्या सरांसमोर जर्नल आपटून निघालो होतो ना, तसाच. निघून जायला मला कधी वेळ लागत नाय.

ब्लोअर पुन्हा चालू करायचा राहिला.

आणि ती पाळी माझी नव्हतीच. प्लँटवरच्या जगनकाकांची होती. गोदूकाकींना दवाखान्यात ठेवलं होतं म्हणून मीच मोठेपणाने म्हटलं, काका, तुम्ही तिथेच थांबा, सकाळपर्यंत मी बघतो. हजेरीवर नाव त्यांचं. रविवारी सकाळी ते आले तेव्हा टाकी काळी पडलेली, वर कुजकी साय. दुपारपर्यंत खाडीकडची मिठागरवाली माणसं नाकाला फडकी लावून गेटवर. साहेबांनी विचारलं तर काका म्हणाले, माझाच डोळा लागला. त्यांना घरी बसवलंय.

मी त्यांच्याशी भांडायला गेलो, असं का बोललात म्हणून. ते काकींसाठी पेज गाळत होते. वर न बघता म्हणाले, "तुझं कॉलेज सुटलंय रे. हे पन सुटलं तर तू कुठं थांबशील?"

मंगळवारी रोह्याकडच्या जुन्या प्लँटवरून जिवंत गाळ आणायला टँकरबरोबर मलाच पाठवलं. दह्याला विरजण लावतात तसा तो मेलेल्या टाकीत घालायचा. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॅफिकमध्ये टँकर अडकला आणि मी सीटखाली वाकून बसलो. ड्रायव्हर म्हणाला, काय पडलं काय रे? काल बरणीत पाणी धरून पाहिलं, अर्ध्या तासात गाळ खाली बसला, वर पाणी स्वच्छ. टाकी जगली. काका रोज संध्याकाळी गेटबाहेरून विचारतात, टाकीवरचा फेस कसा हाय? आत येत नायत. मला रोज वाटतं, आता सांगावं, साहेबांकडे मी खरं बोलतो म्हणून, आणि रोज मी फेस कसा हाय तेवढंच सांगतो.

उद्या अकरा वाजता चौकशी आहे. मी खरं सांगणार आहे. का बंद केलास विचारतील, तर फोन आला होता म्हणेन. कुणाचा, ते मारलं तरी नाय. पण आपला मुलूख लहान आहे, गोष्ट तुमच्या घरापर्यंत गेली तर ती आधी माझ्याकडून कळलेली असावी, म्हणून हे पत्र, फोटो काढून आजच पाठवतोय. आणि तू विचारलं होतंस त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. उद्यापासून माझ्याकडे कदाचित नोकरीही नसेल, मस्कत तर सोडच, तरी सांगतो, नको करूस ती मंगनी. बारानंतर फोन कर. नोकरी गेली असेल तर तुझं सगळं नीट ऐकू येईल. राहिली असेल तर ओरडून बोल, ब्लोअर आता मी बंद करणार नाय.

तुझाच, अजून तरी,
सुफियान