ब्रेकवर अडकलेला पाय

ता. १२, मंगळवार सकाळ

चि. ठमीस,

आशीर्वाद तर आहेतच. भांडण झालं म्हणून ते थांबत नसतात. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. हा तरी तुला मध्येच कापता येणार नाही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या बाबांनी पाणी घालून घालून गच्चीवरची दोन रोपं बुडवली. मामाचा गुडघा सुजलाय, पण गॅरेज बंद ठेवेल तर तो मामा कसला!

तुझी गाडी त्याने तयार केली आहे. पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क, त्यांवर पॅड आवळणारे नवे कॅलिपर, शर्यतीच्या ट्रॅकवरचे पॅड, सहजी न उकळणारं ब्रेक ऑइल. "पोरीने इंजिनाची ताकद वाढवली आणि ब्रेक ठेवले बाजारहाटाच्या गाडीचे," अशी त्याची बडबड चालली होती. मी म्हटलं, भाची कोणाची?

आता खरी बातमी. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून गाडी जोरात न्यायची, ब्रेक कचकन दाबायचा, वेग उतरला की लगेच सोडायचा आणि पुन्हा पळवायची. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं मात्र राहायचं नाही. पॅडचा थर तिथे चिकटून डाग राहतो. मामाला क्लच दाबवत नव्हता. मग कोण? मी! ऑफिस आणि भाजीबाजार यांपलीकडे कधी गाडी न नेलेली बाई, कारखान्यांमागच्या रिकाम्या रस्त्यावर तुझी गाडी पळवत होती. खोटं कशाला बोलू, मजा आली.

मग एकदा ब्रेक दाबला आणि पाय उचलवेचना. गाडी जागच्या जागी उभी. मामा ओरडतोय, "अगं, पाय काढ! डिस्कची वाट लावशील!" आणि मी पेडलवर पाय रोवून रडतेय. लागायचा तो डाग लागलाच. परत येताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. मामाने डिस्क काढून घासल्या आणि काल आम्ही सगळं पुन्हा केलं. आता गाडी ठणठणीत आहे.

मामाने विचारलं, "झालं काय तुला?" त्याला सांगितलं तेच तुला सांगते. त्या दिवशी तुझं ब्रेक ऑइल उकळलं, पेडल थेट आत गेलं, ब्रेक लागलाच नाही आणि गाडी ट्रॅक सोडून वाळूत घुसली, तेव्हा मी तिथे होते. बाबांना मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं होतं. तू दार उघडून बाहेर आलीस, दोन्ही पायांवर उभी राहिलीस, एवढं पाहिलं आणि मी निघाले. जवळ आले असते तर तुझ्या थोबाडीत दिली असती, नाहीतर सगळ्यांसमोर गळ्यात पडून रडले असते. दोन्हींची लाज वाटली. संध्याकाळी फोन हातात घेऊन बसले, पण लावला दुसऱ्या दिवशी.

तेव्हा भांडताना तू म्हणालीस, "मेले असते तरी तुला दुसऱ्या दिवशी कळलं असतं." नाही गं. मी बघत होते.

ट्रॅक सोड, असं आता म्हणणार नाही. म्हटलं तरी तू कुठे ऐकणार! भीती माझी आहे, ती माझी मी सांभाळीन. रविवारी गाडी न्यायला घरी ये. मीही ट्रॅकवर येणार आहे, तुला सांगून आणि बाबांनाही सांगून.

तुझी,
भित्री, पण या वेळी न पळणारी,
आई