चार वाजताचे तीन सेकंद

मंगळवार, संध्याकाळ

दिंडोरीच्या शीतगृहाचे निवृत्तीभाऊ आठवडाभर फोन करत होते. "मॅडम, चार वाजले की कॉम्प्रेसर बंद पडतो. आत द्राक्षं हायेत." मी दर वेळी आमच्या व्होल्टेज-नोंदीच्या वेबसाइटवर त्यांच्या फीडरचा, म्हणजे वीजवाहिनीचा, हिरवा ठिपका पाहिला आणि सांगितलं, व्होल्टेज ठीक आहे, मोटर तपासा. त्यांनी मोटर दोनदा उघडली.

आज दहा मिनिटांच्या सरासरीऐवजी सेकंदासेकंदाची नोंद काढली. हे आधी का नाही सुचलं? चारला त्याच उपकेंद्रावरच्या शेजारच्या शेती फीडरला वीज येते. विहिरींवरच्या सगळ्या पंपांना वीज येताच आपोआप चालू करणारे ऑटो बसवलेले, त्यामुळे सगळे एकदम सुरू होतात आणि तीन सेकंद व्होल्टेज कोसळतं. सरासरीत ते दिसत नाही. ठिपका हिरवाच राहतो.

फोन करून चूक माझी असल्याचं सांगितलं. चारच्या आधी कॉम्प्रेसर बंद ठेवा, दहा मिनिटांनी लावा, म्हटलं.

"म्हणजे मोटर उगीच खोलली की! आमचा वॉचमन पहिल्याच दिवशी म्हणला होता, चारला दिवा डुलकी घेतो. तुम्हाला सांगितलं नाय, म्हटलं मॅडम हसतील."

हसले असते बहुतेक.

उद्या चारला तिथे जाणार आहे. आधी वॉचमनला भेटेन.