दुपारच्या लग्नाला माझा भोंगा देऊ नये

मी, मनकर्णा संतराम पोले, वय चौसष्ट, धंदा मंडप व स्पीकर भाड्याने देणे, राहणार जवळा बाजार, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. कोणी शिकवलेले नाही, कोणी धमकावलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. जीव मात्र ठिकाणावर नाही. याआधी दोनदा लिहून दोनदा फाडले. वारे सुटले की मंडपाचे कापड बघायला उठते, परत येते तर कलम अर्धेच. यावेळी पुरे करणार. जुना एखादा कागद सापडला तर तो रद्द समजावा.

एक. राहते घर व मागची मोकळी जागा मुलगा बंडू आणि सून प्रतिक्षा यांना समाईक मिळावी. प्रतिक्षाचे नाव विचार करून घातले आहे, ते कोणी खोडू नये. पत्र्यावर दर उन्हाळ्याआधी चुना मारत जावा. बंडू म्हणतो, घर भुतासारखे दिसते. दिसू द्या. आत झोप लागते.

दोन. मंडपाचे पाइप, कापड, खुर्च्या व टेम्पो एकट्या बंडूचे. त्यावर माझी कसलीही अट नाही.

तीन. स्पीकरचा संच, म्हणजे दोन भोंगे, मशीन, माईक व वायरी, बंडूला देत नाही. तो मुलगी कोमल आणि बाजारात मिरची विकणाऱ्या रूपाबाई या दोघींच्या ताब्यात राहावा. बाजाराच्या दिवशी सभेला तो फुकट लावावा. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत दुपारच्या लग्नाला तो कोणीही मागितला तरी देऊ नये. पोटच्या पोराला सोडून असे का, हे लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक भलतेच बोलतील.

माझे मालक संतराम २०२२ च्या मे महिन्यात एका लग्नात भोंगा बांधायला खांबावर चढले होते. मुहूर्त भर दुपारचा, तोही टळून गेलेला; वरात अजून नाचत होती. खाली उतरले तेव्हा अंग तव्यासारखे तापलेले आणि घामाचा थेंब नाही. मला ओळखेनात, "माय" म्हणून हाक मारू लागले. जीपमध्ये घालून हिंगोलीला निघालो. ते वाटेतच गेले.

दहाव्याला सगळे म्हणाले, "वेळ आली व्हती."

मी म्हणाले, "वेळ आली न्हवती. आपण ठरवली व्हती. पत्रिकेत छापली व्हती."

त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. पुढच्या बाजारात मी कडुलिंबाच्या झाडाला भोंगा बांधला आणि म्हणाले, ऊन बदलले आहे, आपण काय बदलायचे ते बोला. लोक हसले. माईक माझ्याच हातात राहिला. शेवटी रूपाबाई उठली आणि बोलली, "माजं लेकरू पत्र्याच्या शाळेत चक्कर येऊन पडलं. कोणाला सांगावं ते कळंना, म्हणून इथं सांगते." मग लोक बोलू लागले. कोणी करपलेल्या हळदीच्या पिकाचे बोलले, कोणी रस्त्यासाठी तोडलेल्या झाडांचे, कोणी आटलेल्या बोअरचे. कृषी विद्यापीठातल्या अबोलीताई दोनदा येऊन गेल्या. ऊन लागलेल्या माणसाला सावलीत कसे न्यायचे, ओल्या कपड्याने कसे पुसायचे, हे त्यांनी सगळ्यांकडून करून घेतले. ते मला आधी माहीत असते तर, असे रोज मनात येते.

माझे दीर जळबा मात्र पहिल्या दिवसापासून विरोधात. माईक हिसकावून म्हणाले, "हवा बिघडवली मोठ्या शहरांनी, कारखान्यांनी. अन् मुहूर्त आमी बदलायचा? काहून?"

हे खरेच आहे. मी एवढेच म्हणाले, "त्यांच्याशी भांडणं चालू ठेवा भाऊजी. तवर लेकरं सावलीत बसवा."

मग कोमलचे लग्न ठरले, वसमतच्या घरात, वैशाखात. व्याह्यांना दुपारच पाहिजे होती. स्वानंद गुरुजी म्हणाले, "गोरज मुहूर्त आहेच की, मागायला कोणी येत नाही." पण कोमलच रडली, "आई, माह्या लग्नाची सभा करू नको." मी तिचे ऐकायचे ठरवले होते. अन्नाला चव लागत नव्हती, तरी ठरवले होते.

बाजाराच्या दिवशी तिची होणारी सासू रुख्मिणीबाई स्वतः वसमतहून एसटीने आल्या. न बोलावता माईकसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आमाला उन्हाची हौस न्हाई. पण संध्याकाळी लग्न लागलं तर आमच्या बायका-पोरी रात्री परत कशा जातील? गाडी न्हाई. त्याचं कोण बोलतं का इथं?"

त्याचे खरेच कोणी बोलले नव्हते. मग रूपाबाई म्हणाली, "माज्या घरी चार जणी झोपतील." दुसरी म्हणाली, माझी गच्ची मोकळी आहे. बघता बघता सगळ्या वऱ्हाडाची सोय झाली. जळबाभाऊजींनी सर्वांत जास्त पाहुणे घेतले. मी त्यांच्याकडे पाहू लागले तेव्हा म्हणाले, "तुमचं पटलं म्हणून न्हाई. पाहुणे माजेबी हायत." कोमलचे लग्न दिवेलागणीला लागले. पंगतीत म्हातारी माणसे निवांत जेवली. कोमलने मला मिठी मारली.

नंतर उन्हाळ्यात दुपारी लग्न लावू नये, असा ग्रामसभेत ठराव झाला. ठराव म्हणजे कायदा नव्हे. पुढच्याच उन्हाळ्यात बंडूने गुपचूप भोंगा नेऊन दुपारच्या लग्नात लावला. मला आवाजावरून कळले. आपला भोंगा मला कुठूनही ओळखू येतो. मी पायी तिथे गेले आणि मशीन बंद केले. भर मांडवात मायलेकांचे भांडण झाले. तो म्हणाला, "म्या न्हाई दिला तर दुसरा देतो. लग्न थोडंच थांबतंय?" हेही खरे आहे. म्हणून टेम्पो त्याचा, खुर्च्या त्याच्या, धंदा त्याचा. बंडू वाईट नाही, त्याला घर चालवायचे आहे. पण ज्या भोंग्यापायी त्याचा बाप गेला, तो भोंगा मी माझ्या हाताने त्याला देणार नाही.

चार. माझी गळ्यातली एकदाणी व हातातल्या पाटल्या कोमलला.

पाच. मी उन्हाळ्यात मेले तर दुपारी न्यायची घाई करू नये. बर्फ आणावा, ऊन उतरू द्यावे. दहाव्याला माझे कौतुक करणारी भाषणे नकोत. माईक लावावा आणि पुढच्या उन्हाळ्याचे बोलावे. पाण्याची सोय करावी. भांडण झाले तरी कोणी उठून जाऊ नये. पहिले जळबाभाऊजींनी बोलावे, आणि विरोधातच बोलावे.

वरील मजकूर मी लिहिला, परत वाचला, आणि यावेळी फाडला नाही.

ठिकाण : जवळा बाजार
तारीख : ११ एप्रिल २०२५
सही : मनकर्णा संतराम पोले

साक्षीदार १ : स्वानंद गुरुजी. मनकर्णाबाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : जळबा पोले. सही माझ्यासमोर झाली. वयनी पुऱ्या शुद्धीवर हायत. पाचव्या कलमाला माझी हरकत आहे. पहिलं मी बोलणार न्हाई. आधी वयनी बोलतील, मग मी. त्यासाठी त्यांनी राहावं.