प्रीमियर आधी परदेशात

४ जानेवारी २००४, रविवार
फिल्म पूर्ण. एकोणीस मिनिटं. अर्नाळ्याचे सॅन्टनकाका फाटकं जाळं दुरुस्त करतात. त्यातली चार मिनिटं फक्त त्यांची बोटं, एकही कट नाही. एडिटिंग स्टॅनीच्या स्टुडिओत. तो एरवी लग्नाच्या सीडी करतो. बोटांवर सनई टाकू का म्हणाला. नको म्हटलं. मग बदामाची चौकट? तीही नको. हिरमुसला. काही लोकांना सिनेमा कळत नाही.

९ जानेवारी
स्ट्रॅटेजी ठरली. कॅलेंडरच्या मागे तीन याद्या. ए: युरोपातले मोठे फेस्टिव्हल. बी: आशिया आणि आपल्या देशातले. सी: लागणारच नाही. मोठ्यांना कुणीही न पाहिलेली फिल्म लागते, म्हणजे वर्ल्ड प्रीमियर. तोवर कुणालाही दाखवायची नाही. बायकोलासुद्धा. सुनंदा बरं म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

११ जानेवारी, रविवार
अर्नाळ्याला जाऊन सॅन्टनकाकांना प्रीमियर समजावला. ते म्हणाले, मी हाय त्यात, तरी मला बी नाय दाखवनार? म्हटलं, आधी युरोप, मग अर्नाळा. मोतीबिंदू वाढायच्या आत काय ते करा, म्हणाले. फार वाईट वाटलं. पण स्ट्रॅटेजी म्हणजे स्ट्रॅटेजी.

१८ जानेवारी, रविवार
सॅन्टनकाकांच्या पाड्यावर सण. सुनंदा आणि आमची लेक उन्नती जेवायला गेल्या. मी सायबर कॅफेत फॉर्म भरला. 'यापूर्वी कुठे प्रदर्शित?' NEVER. कॅपिटलमध्ये.
उन्नती आल्यापासून मला बघून हसतेय. सहावीत गेली तरी पोच नाही. सुनंदा तिला डोळे दाखवत होती. जेवण जास्त झालं असणार.

२ फेब्रुवारी
पार्सल गेलं. नियमाप्रमाणे पाकिटावर लिहिलं, 'व्यावसायिक मूल्य काही नाही.' पोस्टातल्या बाईंनी ते मोठ्यांदा वाचलं. मी मागच्या रांगेला सांगितलं की ही फक्त फॉर्मॅलिटी असते. त्यांनी विचारलं नव्हतं.
संकल्प: रोज सकाळी अर्धा तास फ्रेंच.

१५ फेब्रुवारी
रेजिनामावशी, म्हणजे सॅन्टनकाकांची बायको, आमच्या गल्लीत मासळी विकते. हल्ली वाट्यात दोन बोंबील जादा घालते. आज विचारलं, पिच्चर कवा? आणि तोंडाला पदर लावला. कलावंताविषयी लोकांना आदर असतो, फक्त दाखवता येत नाही.
फ्रेंच: बाँजूर. बाकी उद्यापासून.

३० एप्रिल
ए यादीतले पाचही नकार आले. 'प्रवेशिकांच्या प्रचंड संख्येमुळे.' म्हणजे दोष संख्येचा. एकाने मला मिस श्रीरंग म्हटलंय. अशांकडे प्रीमियर झाला नाही तेच बरं. बी यादी सुरू.
फ्रेंच बंद. आता गरज नाही.

१६ ऑगस्ट
बी यादी संपली. आठ नकार. एक पाकीट न फोडताच परत आलं. म्हणजे प्रीमियर अगदी शाबूत.

२० ऑगस्ट
सी यादी उघडली. वसईतच नवा फेस्टिव्हल, डिसेंबरात, शाळेच्या हॉलमध्ये. अट: फिल्म तालुक्यात यापूर्वी जाहीरपणे दाखवलेली नसावी. वाचून डोळे भरून आले. आठ महिने जपलं ते यासाठीच. हमीपत्रावर सही केली.

२२ ऑगस्ट, रविवार
सॅन्टनकाकांना पहिल्या रांगेचं आमंत्रण द्यायला अर्नाळ्याला गेलो. दारातून टीव्ही दिसला. टीव्हीवर त्यांची बोटं. माझी चार मिनिटं. बदामाच्या चौकटीत. वर सनई.
स्टॅनी लग्नाच्या सीडीच्या नेहमी दोन कॉप्या काढतो, एक मुलीकडच्यांना, एक मुलाकडच्यांना. मी मुलीकडचा ठरलो. दुसरी कॉपी त्याने सवयीने जानेवारीतच इकडे पोचवली. मी नको म्हटलेलं सगळं तिच्यात आहे. सणाच्या दिवशी चर्चच्या अंगणात पडदा लावून अख्ख्या पाड्याने पाहिली. राजोडीचे पाहुणेही होते. सुनंदा आणि उन्नती पुढे बसल्या होत्या.
सॅन्टनकाका म्हणाले, तुमचं मन मोडंल म्हनून कोनी बोललं नाय, सायब. चाळीस घरांनी सात महिने माझ्यापासून गुपित राखलं. मला कुणी एवढं जपतं हे माहीत नव्हतं.
कशी वाटली, विचारलं. चांगली हाय, म्हणाले, फक्त बोटांच्या टायमाला सगले जेवाय उठतात. रेजिनामावशी म्हणाली, मी नाय उठत. पन्नास वर्सं ती बोटं बघते, पन येवढी मोठी कवा दिसली नव्हती. मी चहा घेतला.

२३ ऑगस्ट
हमीपत्र फाडलं.
पुढच्या सणाला पाड्यावर फिल्म पुन्हा लावणार आहेत. मला बोलावलंय. गल्लीत रेजिनामावशीला विचारलं, या खेपेला माझी मूळ कॉपी लावाल का, बदाम नसलेली. ती म्हणाली, नको, लोकांना हीच आवडते. आणि वाट्यात दोन बोंबील जादा घातले.
हा चौदावा नकार. बोंबलांसकट आलेला पहिलाच.